चंद्रावरून आलेले हातमोजे

४ मार्च
आले! चंद्रावरून परत आलेले हातमोजे आज माझ्या टेबलावर! वीस वर्षं अंतराळपोशाख शिवतेय, पण वापरून आलेला तुकडा पहिल्यांदाच हाती लागला. तळाबाहेरच्या पाच फेऱ्यांतच तळव्याचं कापड पार विरलंय. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "तिथे ना वारा, ना पाणी. धूळ घासून गुळगुळीत होतच नाही. कण न् कण काचेसारखा धारदार!" आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर — नको, लिहवत नाही.

५ मार्च
चंद्रावरच्या तळाची बाहेरची कामं बंद. दहा दिवसांत उपाय हवा. जाड कापड लावावं तर बोटं वळत नाहीत. आत हवा भरली की हातमोजा आधीच टणक होतो.

९ मार्च
उसवलं. शिवलं. परत उसवलं.

११ मार्च
सुचलं!! सबंध तळवा एकाच कापडाचा कशाला? पेरापेरावर छोटे जाड तुकडे, सांधे मोकळे! झिजला तेवढाच तुकडा काढायचा, नवा लावायचा. नवऱ्याला सांगितलं. तो गॅरेजवाला — म्हणतो, "म्हणजे टायर बदलल्यासारखंच की!" हो, तसंच!

१४ मार्च
चाचणी. हवा काढून घेतलेल्या पेटीत हात घालून आमची जिराफ — सगळ्यांत उंच अंतराळवीर, म्हणून हे नाव — आठ तास बनावट चंद्रधुळीत नटबोल्ट पिळत होती. हात बाहेर काढून ओरडली, "ताई, बोटं माझीच वाटली हो!" तळव्याला साधा ओरखडा नाही! हसू की रडू कळेना.

१८ मार्च
वर जाणाऱ्या चौघांना तुकडे शिवायला शिकवलं. चौघांनीही सुया टोचून घेतल्या. रॉकेट चालवणारी माणसं, पण दोऱ्याला गाठ मारता येईना! जिराफने तर हातमोजा स्वतःच्या बाहीलाच शिवला. हसून हसून पुरेवाट. इंजिनिअरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "एक टाका चुकला तर?" म्हणाल्या.
"तुकडा निघेल."
त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

२१ मार्च
इंजिनिअरबाईंनी बोलावून दार लावून घेतलं. "तळावर शिवणारं माणूसच हवं. तुमचं नाव पाठवू?"
हो म्हणून मोकळी झाले! किती दिवसांसाठी, ते विचारायचंच राहिलं.