नकाशातली चूल

६ मार्च १९५७

चूल खोडणार नाही!

नगरपालिकेचं पत्र आलं. परसात एक खोली वाढवायची म्हणून अर्ज केला, त्यावर पाच शंका. मोरीचं पाणी कुठे सोडणार? छपराच्या कवेलूंवरचं पाणी कोणाच्या हद्दीत पडणार? अंगणाकडची खिडकी सामाईक जागेत उघडते, तिचं काय? सहहिस्सेदाराची संमती कुठे आहे? आणि शेवटी — 'नकाशात चूल दर्शविली आहे. अर्जदार त्याच घरात एकत्र कुटुंबात राहतात. खुलासा करावा.'

दुपारी नगरपालिकेचे ओव्हरसियर मनसाराम शाळेच्या फाटकाशी भेटले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे, म्हणून आवाज खाली. "बाई, तुमी काऊन एवढं मनावर घेऊन राह्यल्या? चूल तेवढी खोडून टाका. आठ दिवसांत मंजुरी. मग तिथी चूल मांडा नाईतर भट्टी लावा, कोन पाहाले येते?"

म्हटलं, "मनसारामभाऊ, चुलीसाठीच तर खोली आहे."

ते हसले. "चूल वेगळी म्हणजे वाटणी झाली न, बाई. गुणवंतराव सोडतीन का?"

सोडूच नये त्यांनी. सहज सोडलं तर मजा काय?

हे वाक्य लिहून थांबले. मजा? बी.ए. झालेल्या, मुलींना नीतिपाठ शिकवणाऱ्या बाईला 'मजा' हा शब्द सुचावा! पण सुचला तो हाच. राहू दे.

७ मार्च

हे सगळं संक्रांतीपासूनचं. शाळेतल्या आशाबाई तिळगूळ घेऊन आल्या होत्या. मी चहाचं आधण ठेवलं. बैठकीतून भासऱ्यांचा आवाज — "या घरची चूल माही आहे. तिच्यावर कोनासाठी चहा चढन ते मी ठरवीन."

आधण उतरवलं. आशाबाई चपला घालून गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनीच मला चहा दिला. तो घोट अजून घशात आहे.

भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, गुणवंतराव. वीस वर्षं एका छपराखाली आहोत आणि आजवर एक शब्द समोरासमोर झालेला नाही. भासऱ्यांपुढे भावसुनेनं यायचं नाही, बोलायचं नाही. हे गेले त्या दिवशीसुद्धा मी दाराआडच होते, आणि तेराव्याला काय काय आणायचं ते जाऊबाईंच्या तोंडून कळवत होते.

रिवाज त्यांना सोयीचा आहे. त्यांना बोलता येतं, मला उत्तर देता येत नाही.

१० मार्च

उत्तरं लिहिली. तीनदा खोडली, चौथ्यांदा ठेवली.

मोरीचं पाणी परसातल्या केळींना. कवेलूंचा उतार माझ्याच बाजूला. पाण्याचा थेंब त्यांच्या अंगणात पडणार नाही.

खिडकी रद्द. भिंत सरळ वर न्यावी. मला त्या अंगणातलं काही पाहायचं नाही, ऐकायचं नाही. हे लिहिताना फार बरं वाटलं!

संमती — 'नव्या कायद्यान्वये यजमानांचा हिस्सा माझा आहे. थोरल्या दिरांशी बोलण्याची मला रूढीने मुभा नाही. नगरपालिकेने परस्पर विचारावे.'

चूल — 'स्वयंपाकासाठी आहे.'

१४ मार्च

नगरपालिकेनं परस्पर विचारलं वाटतं. सकाळी भासरे अंगणात म्हशीशी बोलत होते. मला ऐकवायचं असलं की ते नेहमी म्हशीशी बोलतात.

"काय वो म्हैसबाई? तुले बी वेगळा गोठा पायजे का? कालिजात शिकली का तू? नकाशा काढ मंग! दावनीचा बी नकाशा काढ!"

गडी माणसं हसली. मी स्वयंपाकघरात भाताची पेज गाळत होते. हात भाजला. भाजू दे. सगळं मोजून ठेवते आहे.

दुपारी कळलं — त्यांनी लेखी हरकत घेतली. 'कुटुंब एक, चूल एक.'

१९ मार्च

देवकाबाई — माझ्या थोरल्या जाऊबाई — न्हाणीपाशी आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"गोकुळा, नको वो जाऊ. चूल एक हाय तोवर घर हाय."

म्हटलं, "त्यांनी पाठवलं का?"

"कोनी नाई पाठवलं. रातच्याले तुया खोलीत दिवा असते, तं मले बरं वाटते."

माझ्या दिव्यावर नजर! उद्या रॉकेलही मोजतील. नवरा बैठकीतून बोलणार, बायको न्हाणीपाशी. मी 'बरं' म्हटलं आणि कपडे पिळत राहिले. त्या बराच वेळ उभ्या होत्या.

मी कठोर झाले का? झाले असेन. वीस वर्षं मला शेवटी वाढलेला गार भात कोणाच्या हातचा होता? त्यांच्याच.

२ एप्रिल

नगरपालिकेचे सभासद जागा पाहायला येणार. परवा.

मनसाराम पुन्हा म्हणाले, "अजून बी खोडा."

नाही!

४ एप्रिल

सगळं नीट लिहिलं पाहिजे.

तीन सभासद आले. त्यांत म्हातारे रामाजी होते, तेच बोलणारे. भासऱ्यांनी पांढरा कोट घातला होता. पुढल्या निवडणुकीला उभं राहायचं आहे ना! कुंपणापाशी शेजारपाजार जमला. पान-सुपारी फिरली.

भासरे म्हणाले, "आजाच्या काळापासून एकच कुटुंब आहे जी. एकच चूल. बाईमानसाले कोनी फूस लावली, दुसरं काय?"

मी दाराआड होते. पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर आले. अंगणाच्या मधोमध. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. डाव्या डोळ्याखाली तीळ आहे, हे मला माहीतच नव्हतं.

म्हटलं, "भाऊजी, कंट्रोलच्या दिवसांत माझं रेशनकार्ड वेगळं होतं. तुम्हीच काढून आणलं. साहेबाला सांगितलं, भावसून वेगळी राहते, तिची चूल वेगळी आहे. सहा वर्षं माझ्या चुलीची साखर या घरात आली, रॉकेल आलं. कंट्रोल उठला, तशी माझी चूल विझली का?"

मग रामाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "गुणवंतराव, साखर गोड लागली न जी!"

हसले. सगळे हसले. कुंपणापलीकडची पोरं हसली. म्हशीला पाणी दाखवणारा गडी तोंड फिरवून हसला.

भासरे हसले नाहीत. ओठ पांढरे पडले. पानाचं तबक खाली ठेवायला गेले तर ते उलटं झालं.

मी तो चेहरा पाहिला. पाहायचाच होता. हरकत मागे घ्यायला लावायची एवढंच मनात असतं, तर हे रामाजींच्या घरी जाऊन शांतपणे सांगता आलं असतं. ते सुचलं होतं. मी अंगण निवडलं.

ती साखर मीही खाल्ली, हेही लिहून ठेवते. आणि तरी आज भात दोनदा घेतला.

१२ एप्रिल

मंजुरी. चुलीसकट!

२६ एप्रिल

पाया झाला. आलापल्लीचा साग आला, दारासाठी आणि आढ्यासाठी. भासरे आता म्हशीशीही बोलत नाहीत. घरात इतकं शांत कधी नव्हतं. जेवतात, उठतात, हात धुतात. माझ्या मधल्या खोलीत मला त्यांचा खाकरण्याचा आवाज ऐकू येतो, तेवढाच.

हरलेला माणूस असाच गप्प होतो.

१५ मे

अंगणाकडची भिंत पुरी झाली. वीतभर फट नाही. गवंडी म्हणाला, "बाई, वारा कुठून येईन?" म्हटलं, परसाकडून येईल तेवढा पुरे.

२८ मे

कवेलू चढले. मृगाच्या आत झालं एकदाचं.

२ जून

आजपासून इथे. चूल मीच घातली. ओली माती, त्यात भुसा, वरून शेणाचा हात. आशाबाईंना पहिला चहा. त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, चहा बाकी फक्कड!" आवाज पलीकडे जावा म्हणून. त्या भिंतीतून गेला नसणार. पण दोघी खूप हसलो.

कोणाला न विचारता ताट वाढून घेतलं. भात, वरण, वर तिखट. वाफ तोंडावर घेत बसले होते. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं नव्हतं.

धूर वर जाताना त्यांना दिसला असेल. दिसावा.

५ जून

देवकाबाई तीन दिवसांत दिसल्या नाहीत. विहिरीवरही गडीच येतो. मनाई केली असेल. करू दे.

८ जून

भासरे बाजाराला गेले तशा देवकाबाई आल्या. उंबऱ्याशी बसल्या. उजवं मनगट सुजलेलं, हळद बांधलेली. मी म्हटलं, "पडलात का?"

"नाई."

मग म्हणाल्या, "हरकत त्याइची नव्हती, गोकुळा. ते म्हनत होते, जाऊ दे, पीडा जाते. मीच त्याइच्या मागं लागली. चूल नको तुटू देऊ म्हटलं."

"का?"

"तू मधल्या खोलीत होती तोवर त्याइचा हात उठत नव्हता. शिकलेली बाई आयकते, उद्या गावभर होईन, हे भेव होतं त्याइले. लोक हासले ते त्याइनं मनात धरून ठेवलं. तू इथी झोपाले आली, त्याच रातीपासून."

मला विचारता आलं असतं. न्हाणीपाशी त्या उभ्या होत्या तेव्हा. मी विचारलं ते एकच — त्यांनी पाठवलं का.

९ जून

देवकाबाई कालपासून इथेच. दाराला आतून अडसर. बाहेर भासरे उभे आहेत, माझं नाव घेऊन हाका मारताहेत. एवढं लिहून दार उघडते आणि उंबऱ्यात त्यांच्यासमोर उभी राहते. देवकाबाई चुलीपाशी डाव्या हातानं तांदूळ निवडताहेत — दोघींचे.