तड्यावरची काच

कलकत्ता, डिसेंबर १९९८

चि. भुजंगला ताईचे आशीर्वाद.

माझी तब्येत उत्तम. आईला जिना चढू देत नाहीस ना?

काल इथलं वनस्पती उद्यान पाहिलं. नदीकाठची जुनी घरं नीट जपली आहेत. एका भिंतीच्या तड्यावर काचेची पट्टी बसवली आहे. भिंत सरकली की आधी काच फुटते, असं कळलं.

भूकंपात आपल्या मागच्या भिंतीला गेलेला तडा तू गिलाव्यानं झाकलास. "ताई, पाच वर्षं झाली, आता काय हुतंय?" म्हणालास आणि वरच्या खोलीत क्लाससाठी आलेल्या चार पोरी भाडेकरू म्हणून ठेवल्यास.

पत्र मिळताच गिलावा खरवडून काच लाव. वर्षभर टिकली तर पुढचं बोलू. तोवर पोरी खाली बैठकीत झोपतील. वर कुणी झोपायलाच हवं असेल, तर तू झोप.

तुझी,
शीलाताई