पाळीची काठी

प्रिय दादा,

एका गावात राहून पत्र लिहावं लागतंय, हेही तुझंच कर्तृत्व. बोलायला आलं की तू वनसमितीचा अध्यक्ष होतोस आणि अध्यक्षाला सगळं लेखी लागतं. घे लेखी.

रान परत आलं, हे मी नाकारत नाही. आटलेला झरा उन्हाळाभर वाहतो. पोरांनी कधी न पाहिलेले पक्षी दिसतात. पाहुणे आले की तू त्यांना झऱ्याचं पाणी ओंजळीने पाजतोस आणि सांगतोस, आमच्या गावात आता चूल पेटत नाही. तुझ्या घरात पेटत नाही. खालच्या आळीत आमची बारा घरं आहेत. गॅस आमच्याकडे तुझ्या पाहुण्यांसारखाच येतो, कधीमधी, आणि लगेच जातो. रान बंद करायचं ठरलं त्या बैठकीत बाया मागे बसल्या होत्या. कुणाची हरकत, असं तू पुढच्या रांगेकडे बघून विचारलंस आणि ‘एकमताने’ लिहून मोकळा झालास. तेव्हापासून आम्ही जळणासाठी ओढ्यापलीकडच्या रानात जातो. ते बोडकं होत चाललंय. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

गेल्या थंडीत माझी धाकटी लेक तापाने फणफणली, पलीकडे जायला वेळ नव्हता, म्हणून मी आपल्या रानातली ओली फांदी तोडली. राखणीला तू होतास. कोयता काढून घेतलास, ते एक वेळ ठीक. पण चिठ्ठी लावून तो समितीच्या भिंतीवर टांगलास, आणि बैठकीत माझं नाव असं खणखणीत वाचलंस, जणू माझा पहिला नंबर आला. समितीकडून मिळणारा वाळल्या लाकडाचा माझा वाटा वर्षभर बंद. मी तुझ्या दारात रडले, तर म्हणालास, रानात नातं नसतं.

काल पाळीची काठी माझ्या दाराशी होती. नियम तुझाच: संध्याकाळी ज्याच्या दाराला काठी टेकवलेली, दुसऱ्या दिवशी राखण त्याची, आणि जो सापडेल त्याचं नाव वहीत. आज दुपारी झऱ्याच्या वरच्या उतारावर खटखट ऐकू आली. मी काठी आपटत गेले. आई होती. गुडघा धरून बसलेली, शेजारी मोळी, अर्धी हिरवी. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, चूल तुझी थंड, आणि कुणासाठी काय विचारतेस, शहाणे!

तुझ्या घरातून, तुझ्या नाकाखालून, ती चार महिने माझ्यासाठी मोळ्या आणतेय. माझ्या मागच्या दारी जळण कोण टाकतं, मी विचारलंच नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती, असं म्हण.

मी वही मिटली. म्हटलं, चल, मी काही पाहिलं नाही. तिने मनगट धरलं. म्हणाली, लिही. तुझं लिहिलं, मग माझं का नको? वाचू दे त्याला. कोयता तिनेच मुठीकडून माझ्या हातात दिला.

वही आणि कोयता सोबत पाठवतेय. खिळा तू ठोक. उद्याच्या बैठकीआधी पान फाडणार असशील, तर माझंही फाड. नाहीतर वाच. ती पुढच्या रांगेत बसणार आहे. आवाज खाली आणू नकोस. तिला हल्ली कमी ऐकू येतं.

तुझीच,
भिंतीवरच्या तिसऱ्या कोयत्याची मालकीण