धान, मका आणि माझं मत

प्रिय विनार्ती मबाक,

मोठ्या बहिणीला एवढं लांबलचक पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. संगणक अक्षर न् अक्षर बोलून दाखवतोय, तरी आनंदात बोटं घसरतायत. चुका दिसल्या तर गोड मानून घे. तिकडे तैवानात तू सांभाळतेस त्या म्हातारीचं खाणंपिणं, औषधं उरकलीस की निवांत वाच. गावप्रमुखाच्या निवडणुकीत मी एकटीने मत दिलं, हे तुला कळलंच आहे. पण कसं दिलं ते माझ्याच तोंडून ऐक.

आठवतं ना? दर निवडणुकीला आंधळ्या धाकटीचा हात धरून तू मला पडद्याआड न्यायचीस. मी कानात सांगायचे, तू खिळ्याने कागदावरच्या चिन्हाला भोक पाडायचीस आणि घरी चहा ओतता ओतता आईला सांगून मोकळी व्हायचीस, "आपल्या पुर्वांतीने शेंगेला दिलं गं!" तुझ्या मनात पाप नव्हतं. पण मी आतल्या आत चरफडायचे. गुप्त मतदान म्हणे!

अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर संशोधन हाती घेतलं ते या चरफडीतूनच. कायद्यात सगळं आहे: स्वतंत्र मत, गुप्त मत, त्यासाठी लागेल ती सोय. प्रत्यक्षात गावोगाव एकच उत्तर, "सोबत माणूस देतो की!" हा माणूस बहुतेकदा उमेदवाराचाच. एका बाईंना तर त्याने काही विचारलंही नाही. बोटाला शाई लावली आणि घरी धाडलं.

म्हणून यंदा आपल्याच गावच्या सभेत उठून मतपत्रिकेसाठी ब्रेलची पट्टी मागितली. निवडणूक समितीचे पाक सुगिन्यो हसत म्हणाले, "पोरी, तुझा कायदा राहतो जाकार्तात. इथे राहते मतपेटी. ठिपक्यांची पट्टी छापून आणायला वेळ कुठाय?" लोक खो खो हसले. माझे कान तापले. तेवढ्यात मागून म्हातारे म्बाह सादिरान खाकरले. त्यांचीही नजर जाऊन जमाना झाला. म्हणाले, "आमच्या तरुणपणी कागद कुठं होता रे? बांबूच्या नळ्या असायच्या. एकीवर धानाची लोंबी, एकीवर कणीस. काडी टाकली की झालं मत. माझा बाप आंधळा होता, पण मत द्यायला त्याला कुणाचा बाप लागला नाही!"

आता हशा सुगिन्योंवर उलटला. मी संधी सोडते होय! उमेदवारांची चिन्हं अजून तीच, धान, मका आणि भुईमुगाची शेंग. यंदा मका तुझ्या सासऱ्यांचा. म्हटलं, "छापायचं काय त्यात? परसात पिकतं ते चिकटवा!" आईने पुठ्ठ्याला तीन खिडक्या कापल्या, प्रत्येकीवर खरी लोंबी, खरे मक्याचे दाणे, खरी शेंग कांजीने चिकटवली. मतपत्रिका आत सरकवायची, चाचपायचं आणि भोक पाडायचं. सुगिन्यो पुटपुटले, "कोंबड्यांपासून जपा म्हणजे झालं."

मतदानाच्या दिवशी कुणीतरी सवयीने माझा दंड धरला. "सोड तिला! एकटी जाईल ती," सुगिन्योच ओरडले. आत गेले. लोंबी टोचली, दाणे लागले, शेंग लागली. खिळा कागदातून टचकन गेला आणि मबाक, मी चक्क रडले. माझ्यामागून म्बाह सादिरान गेले ते बाहेर येईचनात. लोक ओरडायला लागले तर आतून म्हणतात, "थांबा रे, इतक्या वर्षांनी एकटा आलोय, जरा बसू द्या!"

धान जिंकलं. तुझे सासरे बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी पडले. धानवाल्यांनी मला सोयाबीनचं तेंपे तळून पाठवलं, "आपलीच पोर". शेंगवाल्यांनी गरम सोतो रश्शाचं पातेलं पाठवलं, तेही "आपलीच पोर" म्हणून. तुझे सासरे वाटेत भेटले, नुसतेच खाकरले आणि गेले. आम्ही मायलेकी दोन्हीकडचं पोटभर जेवलो.

आणि तुझे फोनवर फोन. "खरं सांग, मक्यालाच ना?" तुझा लाडिक आवाज ऐकला की मी विरघळते, म्हणूनच हे पत्र. तर उत्तर ऐक: सांगणार नाही. तुला नाही, आईला नाही, कुणालाच नाही. रागाव, रुस, सासूबाईंना काय सांगायचं ते सांग. मी मक्याला दिलं असेल, नसेलही. इतकी वर्षं भोक तू पाडायचीस, तेव्हा माझ्यापाशी लपवायला काही नव्हतंच. आता आहे.

मत सोडून बाकी सगळी तुझीच,
पुर्वांती