गूळ नव्हे, गुळे

आप्पा, काल मी परत त्या मामलेदार कचेरीत गेले होते. तुम्हाला मातीत ठेवून किती वर्षं झाली, पण तिथलं बाकडं तेच आहे. सांगण्यासारखं घडलं म्हणून लिहिते आहे, नाहीतर मेलेल्या बापाला पत्र लिहिण्याइतकी मी खुळी नाही.

त्या वर्षीची माणसं तुम्ही विसरला नसाल. जर्मनांशी लढाई चालू होती, आपल्या मिशनच्या जर्मन साहेबाला सरकारनं उचलून नेलं होतं आणि निपाणीतल्या आपल्या मूठभर लुथरन मंडळीचे पाळक, शाळामास्तर, झाडूवाले सगळं तुम्हीच होता. पूर्वेकडं पाऊस झाला नव्हता. अथणीच्या पलीकडून कानडी माणसं बायकापोरांसह चालत आली आणि चर्चच्या आवारात चिंचेखाली टेकली. कोण तुम्ही, म्हणून विचारलं तर त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "नावु गुळे बंदीवि." मला हसू फुटलं. "आई, गुळाची माणसं आलीत, ढेप आणली का बघ." तुम्ही कधी आवाज चढवत नव्हता, त्या दिवशी चढवलात. "हसतीस काय गं? गुळे म्हंजे गाव सोडून जगायला आलेत ती."

मंडळीतल्या बायका रोज चूल पेटवायच्या आधी देवाच्या नावानं मूठभर धान्य बाजूला काढत. ते एरवी रविवारी चर्चमध्ये यायचं, आता रोज आमच्या स्वयंपाकघरात यायला लागलं. आई जोंधळ्याच्या कण्या शिजवते आहे, म्हातारी धुरात बसून चूल फुंकते आहे आणि दोघी एकमेकींना अक्का म्हणताहेत, हे मला अजून दिसतं. पण मुठींनी पोटं किती भरणार? सरकार दुष्काळी माणसांना शिधा देत होतं, तो मिळाला तरच ती तगणार होती. म्हणून तुम्ही म्हातारीला आणि मला घेऊन कचेरीत गेलात.

कारकून पुण्याकडून बदलून आलेला. म्हातारीनं त्यालाही तेच सांगितलं. तो मामलेदारांकडं वळून म्हणाला, "गुळाला आलेत. गुऱ्हाळाची माणसं दिसतात, मालक बघेल त्यांचं." तुम्ही पुढं झालात. "गूळ न्हवं साहेब, गुळे. जगायला आल्यात." मामलेदारांनी तुमच्या काळ्या कोटाकडं बघितलं. "मास्तर, तुमचा साहेब शत्रूचा माणूस. त्याची माणसं तुम्ही, आणि रदबदली कुणाची करताय?" तो कोट साहेबानंच दिलेला होता. तुम्ही त्याची बटणं लावत बाहेर आलात.

शिधा मिळाला नाही. मग तापाची साथ आली. म्हातारीचा नातू चिंचेखालीच गेला, त्याला तुम्ही आपल्या दफनभूमीत जागा दिलीत, त्यावरून मंडळीतल्यांची बोलणी खाल्लीत. उरलेली माणसं एका सकाळी कोल्हापूरच्या वाटेला लागली. "होगि बर्तीवि," म्हातारी आईला म्हणाली, जाऊन येतो. आई भोळी, ती कितीतरी दिवस वाट बघायची.

तुम्ही मात्र त्या एका शब्दाला धरून बसलात. "त्या कारकुनाला कानडी येत असतं तर," असं जेवताना म्हणायचा, शेवटच्या दुखण्यातही म्हणालात. मीही तेच खरं धरलं. मास्तरीण झाल्यावर शाळेतल्या पोरांकडून मराठी-कानडी दोन्ही भाषा घोकून घेतल्या, त्या त्यासाठीच.

यंदा परत तिकडून माणसं आलीत. चिंच कधीच तोडली, मंडळीत घरं उरली नाहीत, मुठीच्या धान्याचं मडकं तळाशीच असतं. इंग्रज देश सोडून चाललेत, कचेरीत सगळी आपली माणसं आहेत आणि आप्पा, आताचा कारकून अथणीचा आहे. मी शिध्यासाठी तोंड उघडायच्या आत माझ्याबरोबरची त्यांच्यातली बाई म्हणाली, गुळे बंदीवि. त्याला लगेच कळलं. त्यानं तिला तिच्याच बोलीत गाव विचारलं, पावसाचं विचारलं, अगदी मायेनं. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाला, "बाई, भायेरची माणसं ही. हितं कुठवर ठिवून घ्यायची? उद्या लावा वाटंला."

हे तुम्हाला कळवायचं कुठं आणि कशाला? हा कागद सकाळी चुलीत जाईल. तुम्ही त्या एका शब्दाला दोष देत जगातून गेलात, आणि खरं सांगू का, मलाही तसंच जायला आवडलं असतं.