बॉयलर गॅसवर चालतो

तीर्थरूप आत्या,

भाच्याचा दंडवत. (खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून कागदावरच घालतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी दिलेलं तेल चोळतेस, की बाटली कपाटात ठेवून बरं वाटण्याची वाट बघतेस? आम्ही सगळे ठीक आहोत. फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं मनाने भरतेस, म्हणून सविस्तर लिहितो. वाचून झाल्यावर शेजारणीला दाखवू नकोस.

आमच्या लॉंड्रीत सोमवारी फळ्यावर नोटीस लागली : गुरुवारी दोन वाजता घड्या घालायच्या हॉलमध्ये सर्वांनी जमावे, वर्णभेद कसा ओळखावा आणि सर्वांना कसे सामावून घ्यावे यावर कार्यशाळा आहे, चहा-बिस्किटे मिळतील. मला बिस्किटांपाशीच शंका आली. आपला मुलूख सोडल्यापासून एकोणीस वर्षं मी इथे हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करतो आहे (आता करवून घेतो, सुपरवायझर ना), पण कंपनीने बिस्किटं वाटली ती एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी तीन माणसं कमी केली. मी चौकशी केली. टेलिफोनवरच्या बाईने खालच्या आवाजात सांगितलं, तक्रारपेटीत कुणीतरी पत्र टाकलंय. झालं! पत्र कुणाचं आणि कुणाविरुद्ध?

माझा संशय थेट बॉयलरवाल्यावर गेला. तो फार लांबच्या देशातला, रंगाने काळाभोर, बोलणं मोजकं. सहा वर्षं झाली, पण स्वतःचा कप आजही वेगळा ठेवतो. असा माणूस मनात काहीतरी ठेवूनच असणार की नाही? तीन दिवस मी त्याच्यावर नजर ठेवली. खिशात पेन बाळगतो का पाहिलं. बाळगतो! (बॉयलरचे आकडे लिहायला लागतं म्हणे.) शेवटी त्यानेच विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, वाफ कमी येतेय. वाफ भरपूर येत होती.

गुरुवारी शिकवायला आल्या त्या बाई दिसायला साध्या आणि आवाजाने मऊ. मऊ आवाजाच्या माणसांचं मला नेहमीच भय वाटतं. मी दाराजवळची खुर्ची धरली. त्यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या (मी माझी उलटीसुलटी करून पाहिली) आणि सांगितलं, इथे तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात ते लिहा, ते कुणी दिलं आणि तुम्हाला आवडतं का तेही लिहा. ज्यांना वाटेल त्यांनी वाचून दाखवायचं. बॉयलरवाला उभा राहिला आणि वाचलं : ‘कोळसा. इस्त्रीच्या सुपरवायझरने दिलं. नाही.’

सगळे माझ्याकडे वळले. मी उठलो. म्हटलं, बाई, गैरसमज नको, याचा रंगाशी काडीचा संबंध नाही. हा बॉयलरवर असतो, बॉयलर म्हटला की कोळसा आला, इतकंच. दोघातिघांनी मानाही डोलावल्या. तेव्हा तो आवाज न चढवता म्हणाला, “साहेब, बॉयलर गॅसवर चालतो. मी आलो त्याच्या आधीपासून.”

आत्या, त्या गॅसच्या पिवळ्या पाइपाला वळसा घालून मी रोज आत जातो. मी खाली बसलो. बाई मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

मग त्यांनी तक्रारीचं पत्र काढलं. लिहिणाऱ्याच्या परवानगीने वाचते, म्हणाल्या. ‘इस्त्रीचे सुपरवायझर’ हे पहिलेच दोन शब्द ऐकून मी दार किती लांब आहे ते पाहिलं. पुढे होतं : ‘यांना विभागप्रमुखाची जागा तीनदा नाकारली, कारण त्यांची बोली ग्राहकांना परकी वाटते. काम त्यांच्याइतकं कुणालाच येत नाही. हे बरोबर नाही.’ (पाठदुखीमुळे मीच ती जागा घेतली नाही, असं तुला सांगितलं होतं ना? ते खोटं होतं.) मॅनेजर छताकडे बघायला लागले. हे कुणी लिहिलं ते सांगायची गरज नाही, असं बाई म्हणत होत्या तोवर बॉयलरवाल्याने हात वर केलासुद्धा.

सुटल्यावर मी बॉयलरच्या खोलीत गेलो आणि सरळ विचारलं, “यात तुझा काय फायदा?”

तो हसला. “काही नाही. तुम्ही मला कोळसा म्हणता आणि ते तुम्हाला परका म्हणतात. मला दोन्ही सारखंच लागतं.”

मी म्हटलं, चुकलं माझं, माफ कर. तो म्हणाला, “बघू.” मग त्याने कपाची गोष्ट सांगितली. पहिल्याच आठवड्यात त्याने सगळ्यांच्या कपांपैकी एका कपातून चहा घेतला, तर कुणीतरी तो कप त्याच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकला. (टाकणारा मी नव्हतो. पण मी तिथे होतो, हे आता आठवतंय.) बोलता बोलता त्याने स्वतःच्या कपात चहा ओतून माझ्यापुढे धरला. मी प्यालो. पूर्ण संपेपर्यंत तो डोळे बारीक करून बघत होता. संशयी स्वभावाचा मी एकटाच नाही, हे पाहून जरा बरं वाटलं.

तब्येतीला जप, तेल चोळ.

तुझा भाचा

ता. क. तुझी वरची खोली दोन महिने रिकामी आहे, आणि तुझ्याकडून लॉंड्रीला एकच बस लागते. बॉयलरवाला एका खोलीत चौघांबरोबर राहतो. सात घरमालकांनी फोनवर हो म्हटलं आणि चेहरा पाहिल्यावर खोली आत्ताच गेली म्हणून सांगितलं. तू म्हणशील, आपल्यातला कुणी असता तर बरं. आमचे मॅनेजर माझ्याबद्दल अगदी हेच म्हणतात.

ता. क. दुसरा. तो रविवारी दहा वाजता खोली बघायला येतोय. त्याला नावाने हाक मार. नाव त्यालाच विचार, मी अजून तिसऱ्या अक्षराला अडखळतो.

ता. क. तिसरा. तुमच्या आत्या स्वभावाने कशा आहेत, असं त्याने मला दोनदा विचारलं. मी सांगितलं, फार मोकळ्या मनाच्या. एवढं मोठं खोटं मी त्याच्याशी आजवर बोललेलो नाही. रविवारपर्यंत खरं करून ठेव.