दिव्याचं माहेर

केशोरी,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्या हिला धनवंताचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. धान कापून झाला, मळणी बाकी आहे. शेताजवळच्या बोडीत यंदा तळं भरून पाणी आहे. शेजारची शामकला तुझी रोज आठवण काढते. माझा पाय थंडीनं दुखतो, पण चालते. हिमांशु बरा आहे ना? तुला आता आठवा लागला असेल.

गुरुवारी फोन कट झाला नव्हता. मीच ठेवला.

तू विचारलंस, "आई, बाळंतपणाले तुमच्याकडं येऊ का?" मी म्हणाले, "माझ्याच्यानं होणार नाही." तू म्हणालीस, "बरं. काळजी घ्या." ते मला फार लागलं, बाई. या घरात होतीस तोवर तू मला असं कधी म्हणाली नाहीस. एसटीत बसताना पाहुणे म्हणतात तसं म्हणालीस.

माझा लेक दुर्गेश तापात गेला तेव्हा तुमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याच पावसाळ्यात मी बोडीच्या मातीच्या पाळीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. तुझंच दुःख ताजं होतं. तरी मला उचलणं, धुणं, पुसणं सगळं तू केलंस. पहिल्यांदा मी तोंडावर पदर घेऊन रडत होते, तर म्हणालीस, "लाजता काऊन? मी आहो ना." गावातल्या बाया म्हणायच्या, धनवंता नशिबाची, सून सेवा करते. मला तो शब्द कधी पटला नाही. सेवा देवाची करतात, नाहीतर साहेबाची. तू तर माझ्यावर चिडायचीस. मी भात टाकला की ताट पुढ्यातून उचलायचीच नाहीस, संपेपर्यंत बसून राहायचीस.

काठी घेऊन चालायला लागल्यावर मी तुझ्यासाठी स्थळ पाहू लागले. माझे दीर इंद्रकुमार अंगणात येऊन ओरडले, "सुनेचं लगन लावून राहिली, मंग तुले कोण पाहील?" मी म्हणाले, "मले पाहता पाहता तिची उमर जाऊन राहिली, ते कोण पाहील?" तू आतून ऐकत होतीस. बाहेर येऊन विचारलंस, "मले हाकलून राहिल्या का तुमी?" मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर तू गेली नसतीस.

हिमांशुशी लग्न होऊन तू आपल्या जिल्ह्यातल्याच गोरेगावला गेलीस, त्या दिवशी गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मला खरंच हायसं वाटलं. घरी आले, आणि कोंबड्या अजून कोंडल्या नाहीत म्हणून तुझ्यावर ओरडायला तोंड उघडलं.

दिव्या, फोनवर होणार नाही म्हणाले, ते हातापायांचं नव्हतं. या घरात लेकरू रडलं की मी त्याच्यात दुर्गेशचं नाक शोधीन, त्याचे कान शोधीन. ते हिमांशुचं लेकरू. त्याचा काय गुन्हा? आणि सव्वा महिन्यानं तू त्याला घेऊन निघशील. एकदा तुला लावून दिलं ते कसंतरी निभलं.

काल तुझ्या सासूबाई येऊन गेल्या. जमुनाबाई एकट्या, दोन गाड्या बदलून. तुला बोलल्या नसतील. पाणीही न पिता मला विचारलं, "पोरगी दोन दिवसांची जेवत नाही. काय बोलल्या तुमी तिले?"

मी सगळं सांगितलं. नाकाकानाचंही. वाटलं, आता ही बाई उठून जाणार. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "शोधा ना. कोणत्या आजीनं शोधलं नाही?"

मी म्हटलं, "मी कायची आजी?"

"तिले जन्माची माय नाही. कळा आल्या की बाई कोणाले हाक मारते, सांगा? मी सगळं करीन धनवंताबाई, पण हाक ती मले मारणार नाही."

मी उठून चहा ठेवला. साखर दोनदा घातली. त्यांनी तसाच प्यायला.

तू ये. दवाखान्याच्या आशाताईला सांगून ठेवलं आहे, तुझी जुनी खोली सारवली आहे. थंडी वाढायच्या आधी ये, आणि मोटारसायकलवर नको, हिमांशुला गाडी करायला सांग. जमुनाबाईंनाही सोबत आण, त्या राहतील तितके दिवस राहू देत.

सव्वा महिन्यानं तू निघशील तेव्हा मी रडेन, गाव गोळा होईल इतकं रडेन. तेव्हा थांबू नकोस. फोन करून विचारत बसू नकोस, फोनवर मला बोलता येत नाही. ये, बाई.

तुझी माय,
धनवंता